ब्रह्मा कोंबड्यांचं खुराडं: उंच नको, ऐसपैस हवं

आधी प्रश्न थोडक्यात. कऱ्हाडजवळच्या गावात घरामागे १० बाय १२ फुटांची जागा आहे. ब्रह्मा जातीची दोन महिन्यांची सात पिल्लं आणलीत, त्यात एक कोंबडा आणि सहा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) दिसतात. एक पाहुणे असील या झुंजीच्या जातीची जोडीही द्यायला तयार आहेत. बाजारात ४ बाय ३ फुटांचा दुमजली लोखंडी पिंजरा मिळतोय, ‘१२ पक्ष्यांसाठी’ म्हणून. तो घ्यावा, की इंटरनेटवर दिसतात तशी टुमदार लाकडी घरं असतात, त्यातलं एखादं सुताराकडून करून घ्यावं?

दोन्ही नको. कारण सांगतो, आणि मग त्या जागेत मी काय बांधलं असतं तेही सांगतो.

पिंजऱ्याचा हिशेब करा. एका मजल्याला १२ चौरस फूट, दोन मजल्यांचे २४. बारा पक्षी म्हणजे पक्ष्यामागे २ चौरस फूट. हा आकडा विक्रेत्यानं हवेतून काढलेला नाही. अंड्यावरच्या हलक्या कोंबड्या गादीवर, म्हणजे तूस-भुशावर पाळताना साधारण एवढीच जागा धरतात. पण ती कोंबडी दीड-पावणेदोन किलोची असते. पूर्ण वाढलेला ब्रह्मा कोंबडा पाच-साडेपाच किलोचा आणि कोंबडी चार-साडेचार किलोची, असं या जातीचं प्रमाण आहे. आपल्याकडे विकले जाणारे बरेच ब्रह्मा मिसळलेल्या रक्ताचे असतात आणि इथवर पोचत नाहीत, तरी गावरान कोंबडीच्या दुप्पट तर सहज होतात. शिवाय त्या पिंजऱ्याचा एक मजला दीड फूट उंच. मोठा ब्रह्मा कोंबडा मान ताठ करून उभा राहिला की दोन फुटांच्या वर जातो. म्हणजे तो आयुष्यभर मान वाकवून राहणार. आणि खाली तारेची जाळी. हलकी कोंबडी तारेवर तग धरते, पण पाच किलोचा पक्षी धरत नाही, त्याच्या तळव्यात तार रुतते.

आज तुमची पिल्लं त्यात छान मावतील, हीच फसगत आहे. दोन महिन्यांचं ब्रह्मा पिल्लू गावरान पिल्लापेक्षा फारसं मोठं दिसत नाही. ही जात सावकाश वाढते. आधी हाडं आणि उंची, मग अंग. पूर्ण भरायला दीड-दोन वर्षं लागतात. त्यामुळे आजचं पिल्लू बघून घर ठरवायचं नाही.

आता लाकडी घराबद्दल. ती घरं बघायला खरंच देखणी असतात, पण ती बर्फासाठी बांधलेली असतात. ब्रह्मा ही जात चीनच्या बंदरांतून १८४० च्या दशकात अमेरिकेत गेलेल्या मोठ्या कोंबड्यांपासून तिकडे घडली. १८५२ मध्ये तिथल्या एका व्यापाऱ्यानं अशा नऊ कोंबड्या इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाला भेट पाठवल्या आणि तिकडे या जातीचं वेडच लागलं. कडक हिवाळ्यात टिकणारा, अंडी देणारा आणि भरपूर मटण देणारा पक्षी म्हणून ती पुढे आली. दाट मऊ पिसं, बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले पाय, आणि अगदी छोटा, डोक्याला चिकटलेला तुरा. थंडीत मोठा तुरा गोठून काळा पडतो, म्हणून तिकडे छोटा तुरा हे वरदान. इथे नेमकं उलटं होतं. कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे तोंड उघडून धापणं असतं आणि तुरा, गलोल (चोचीखालची लोंबती लाल कातडी), पाय असे उघडे भाग असतात. ब्रह्माचा तुरा नावापुरता आणि पाय झाकलेले. अशा पक्ष्याला चारी बाजूंनी फळ्या ठोकलेल्या, वर एक चिमुकली खिडकी ठेवलेल्या पेटीत घालून एप्रिलमध्ये कऱ्हाडात ठेवायचं म्हणजे काय होईल, ते तुम्हीच बघा.

आणि आपलं पारंपरिक खुराडं? जिन्याखालचं दगड-मातीचं, वाकून हात घालावा लागतो असं? गावरान कोंबडीला ते पुरतं, कारण ती तिथे फक्त रात्र काढते. दिवसभर परड्यात, उकिरड्यावर, बांधावर हिंडते, आणि जागा आवडली नाही तर सरळ आंब्याच्या फांदीवर जाऊन बसते. ब्रह्माला हे जमत नाही. ती उडत नाही म्हटलं तरी चालेल. तुम्ही जिथे ठेवाल तिथेच तिचं सगळं आयुष्य जातं.

मोठ्या जातीचं घर ठरवताना मी दोनच गोष्टी धरतो. वजन पायावर येतं आणि उष्णता अंगात साठते. आकार, दांडा, भिंत, छप्पर, सगळं त्यातून ठरवायचं. पैसा घालायचा तो जमिनीवर आणि जाळीवर. भिंतींवर घालायचा नाही.

जमिनीपासून सुरुवात करू. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान एक फूट वर घ्या. मुरूम भरून, चोपून, वर साधा कोबा. कोबा करायचा तो घुशीसाठी आणि धुता यावं म्हणून, कोंबडीनं त्यावर चालावं म्हणून नव्हे. उघड्या कोब्यावर किंवा शहाबादी फरशीवर जड पक्षी ठेवला की काही महिन्यांत तळव्याला फोड येतो. बारीक खरचटल्यातून जंतू आत शिरतात, तळवा सुजतो, मधोमध काळी खपली धरते आणि आत पू घट्ट होऊन गाठ बनते. पक्षी लंगडतो, खाण्यापर्यंत जायचा कंटाळा करतो, वाळतो. औषधापेक्षा यात जमीन जास्त काम करते. म्हणून कोब्यावर गादी हवीच, आणि ती चार-पाच इंचांची. दोन इंचांवर भागवू नका, कारण हा पक्षी उकरतो तेव्हा खालचा कोबा उघडा पडतो.

गादीला काय वापरायचं? भाताचं तूस सगळ्यात सोपं, मावळ-कोकणाकडे मुबलक. तुमच्याकडे भुईमुगाच्या शेंगांची टरफलं मिळतील, तीही उत्तम. रंध्याचा भुसा चालतो, करवतीचा बारीक भुसा नको, धूळ फार होते आणि पिल्लं तो खातात. साखर कारखान्याच्या पट्ट्यात राहता तेव्हा कुणीतरी बगॅस, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, सुचवणारच. स्वस्त असतो, शोषूनही घेतो, पण ओला राहिला की लगेच बुरशी धरतो, आणि त्या बुरशीनं पक्ष्यांची फुप्फुसं जातात. वापरायचाच तर उन्हात खडखडीत वाळवून आणि फक्त उन्हाळ्यात.

गादी ठीक आहे का हे बघायला यंत्र लागत नाही. मूठभर उचला आणि आवळा. मूठ उघडल्यावर भुसा सैल होऊन बोटांतून पडला तर उत्तम. लाडू वळल्यासारखा गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. आणि हाताला अजिबात न चिकटता नुसती धूळ उडाली तर फार कोरडी. दुसरी तपासणी नाकाची. खुराड्यात उभं राहून वास घेऊ नका, उकिडवे बसा आणि कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर कोंबडीचे रात्रभर चुरचुरत असतात. मग ओला भाग काढून टाका, नवा भुसा घाला, उरलेल्यात थोडा विरलेला चुना मिसळा आणि पंजानं खालीवर करा. पावसाळ्यात हे दर दोन-तीन दिवसांनी करायचं. ओल्या गादीत रक्ती हगवण आली की लहान वयाचे पक्षी पटापट जातात.

आता दांडा. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण कोंबडीला उंच बसायला आवडतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. आवडतं, आणि ब्रह्मालाही चढू दिलं तर ती चढेल. प्रश्न सकाळी उतरतानाचा आहे. दीड किलोची गावरान चार फुटांवरून पंख फडफडवत अलगद उतरते. साडेचार किलोची ब्रह्मा सरळ खाली आदळते, आणि तो दणका रोज सकाळी त्याच दोन तळव्यांवर, त्याच गुडघ्यांवर येतो. म्हणून दांडा गादीपासून १२ ते १५ इंचांवर, त्याच्या वर नाही. सगळे दांडे एकाच पातळीवर ठेवा. शिडीसारखी चढती मांडणी केली की सगळ्या वरच्या पायरीसाठी भांडतात आणि ढकलली गेलेली खाली पडते.

दांडा गोल पाइपाचा नको, बांबूही नको. दोन बाय चार इंचांचं लाकूड घ्या, चार इंचांची रुंद बाजू वर करा आणि कडा रंध्यानं गोल करून घ्या. जड पक्ष्याला बोटं आवळून तोल धरण्यापेक्षा तळवा टेकून बसणं सोयीचं पडतं. बांबूच्या पेरांत आणि चिरांत कोंबड्यांचे गोचीड दिवसभर लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. लाकूडही खिळ्यांनी कायमचं ठोकू नका. दोन टोकांना खाचा ठेवा, म्हणजे महिन्यातून एकदा काढून उन्हात टाकता येईल. लांबी पक्ष्यामागे १३-१४ इंच धरा. तुमच्या सातांना ८ फुटांचा एक दांडा बरोबर पुरतो. मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे ठेवा, नाहीतर शेपट्या भिंतीला घासून तुटतात.

काही ब्रह्मा दांडा असूनही खालीच झोपतात. झोपू द्या. गादी कोरडी असेल तर काही बिघडत नाही.

दाराचंही तसंच. बाजारच्या खुराड्यात कोंबडीसाठी फुटभराचं भोक असतं. तुम्ही १५ इंच रुंद आणि २ फूट उंच ठेवा, उंबरा चार इंचांचा, बाहेरच्या बाजूला एक पायरी. उतरंडीची फळी लावायची वेळ येऊ नये अशीच रचना करा. लावावी लागलीच तर चढ अगदी मंद ठेवा आणि आडव्या पट्ट्या ठोका. शिवाय माणसाला आत सरळ उभं राहता येईल असं एक दार हवंच. ज्या घरात मालकाला वाकून शिरावं लागतं, ते आठवड्याला साफ व्हायचं ते महिन्याला होतं.

आता उष्णता. कऱ्हाडला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. ३२ अंशांच्या आसपास कोंबडी चोच उघडून धापायला लागते, पंख अंगापासून दूर धरते. ३८ च्या पुढे जड पक्ष्याचा जीव धोक्यात येतो, आणि आधी जातो तो कोंबडा, कारण अंग त्याचं सगळ्यात मोठं. बहुतेक मरणं भर बारा वाजता होत नाहीत. दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान होतात, छप्पर तापून खालची हवा भट्टी झालेली असते आणि वारा पडलेला असतो तेव्हा.

म्हणून शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची. मे महिन्यात आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, उत्तर-दक्षिण बाजूंनी ऊन फारसं आत येत नाही. त्रास देतो तो सकाळचा आणि त्याहून जास्त चार वाजताचा पश्चिमेचा. म्हणून पूर्व-पश्चिमेच्या अरुंद बाजूंना विटेची भिंत, वर फक्त फूटभर झरोका. पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून दोडका किंवा घोसाळ्याचा वेल चढवा. उत्तर आणि दक्षिण बाजू मात्र पूर्ण जाळीच्या.

इथे एक बारीक गोष्ट आहे. साध्या शेडला जाळीखाली दीड-दोन फुटांची भिंत घालायची पद्धत आहे. ब्रह्मा बसते दांड्यावर, तोही १५ इंचांवर, आणि दिवसा तर जमिनीवरच. दोन फुटांची भिंत घातली तर वारा तिच्या डोक्यावरून निघून जातो आणि ती बसलेली असते त्या थरात हवा हलतच नाही. भुसा अडवण्यापुरती नऊ इंचांची भिंत पुरे. त्यावर थेट जाळी. पावसाच्या झडीसाठी ताडपत्री किंवा गोणपाटाचा पडदा लावा, पण तो खालून वर जाणारा असू द्या, म्हणजे अडवायचं तेवढं अडवून वरची फट उघडी राहते. ओल, वास, गरम हवा सगळं वरूनच बाहेर जातं. थंडीची काळजी करू नका. कऱ्हाडचा हिवाळा या जातीला कळतही नाही. मोठ्या पक्ष्यांना रात्री बल्ब लावायची गरज नाही.

छप्पर एकपाखी करा. उत्तरेकडे ८ फूट, दक्षिणेकडे साडेसहा, आणि दक्षिणेला व पश्चिमेला अडीच-तीन फूट पुढे काढलेलं, पावसाची झड तिकडून येते म्हणून. कौलं परवडत असतील तर प्रश्नच मिटला. लोखंडी पत्रा असेल तर तो बाहेरून चुन्यानं पांढरा करा, चुन्यात थोडं फेविकॉल घातलं की लवकर धुपत नाही, आणि उन्हाळ्यात वर उसाच्या पाचटाचा अर्धा फूट थर जाळीनं बांधा. मेच्या शेवटाला मात्र पाचट उतरवा. भिजलं की कुजतं आणि उंदरांची वसाहत होते. शिवाय पाचटाला आगीचं भय असतं, तेव्हा जवळ चूल किंवा उघडी वायर नको.

पत्र्यावर पाणी मारणं, गोणपाट भिजवून टांगणं, हे देशावर उपयोगी पडतं कारण आपली उन्हाळी हवा कोरडी असते. कोकणातल्या मंडळींनी याची नक्कल करू नये. तिथल्या दमट हवेत पाणी सुकत नाही, गारवा मिळत नाही, उलट गादी ओली होते. तिथे सावली आणि वारा हेच उपाय. जमिनीलगत हवा फेकणारा एखादा पंखा पाण्याचे तुषार उडवणाऱ्या फॉगरपेक्षा बरा. आणि उन्हाळ्यात कुठेही असलात तरी खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या. भरल्या पोटी पचनाची उष्णता अंगात वाढते, दुपारी तीच नडते. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, दिवसातून दोनदा बदललेलं.

पावसाळ्यात त्रास पायांच्या पिसांचा. चिखलात फिरली की बोटांमधल्या पिसांत चिखल अडकतो, वाळतो, वर आणखी चढतो आणि शेवटी प्रत्येक बोटाच्या टोकाला कडक गोळा होतो. तो ओढून काढायचा नाही, पिसं मुळासकट निघून रक्त येतं, कधी नखही जातं. कोमट पाण्यात पाय दहा मिनिटं भिजवा आणि गोळा बोटांनी हळूहळू चुरा. पण हे सातही पक्ष्यांचं दर आठवड्याला करत बसण्यापेक्षा चिखलच नको. बाहेरच्या फिरायच्या जागेत काळी माती असेल तर वरची अर्धा फूट काढा, मुरूम भरा, वर जाड वाळू पसरा, उतार द्या आणि कडेनं चर काढा. खडी टाकू नका, तिच्या धारा तळव्यांना लागतात. पिसांखाली आणखी एक गोष्ट लपते, खवल्यांतली सूक्ष्म कीड. उघड्या पायाच्या कोंबडीची खवलं उचललेली लांबून दिसतात, ब्रह्माची दिसत नाहीत. महिन्यातून एकदा पक्षी हातात घेऊन पिसं बाजूला सारून बघायची सवय लावा. खवलं फुगलेली, चुनखडीसारखी दिसली तर खाण्याचं तेल किंवा व्हॅसलिन चोळा, आठवड्यानं परत.

जागेचा हिशेब आता पावसाळ्यावरून करू. पुस्तकांत मोठ्या जातीला आत ४-५ चौरस फूट लिहिलेलं असतं, पण ते पक्षी दिवसा बाहेर असतात असं धरून. जुलैमध्ये झड लागली की तुमचे पक्षी दिवसच्या दिवस आत राहणार. तेव्हा ७ चौरस फूट धरा. ८ बाय ६ ची शेड म्हणजे ४८ चौरस फूट, सातांना बरोबर पुरते. आठ फुटांची बाजू तुमच्या १२ फुटांच्या बाजूला समांतर. ती बाजू नेमकी पूर्व-पश्चिम नसेल तर जागा फिरवून बघा, पण पश्चिमेची भिंत सोडू नका. शेडशेजारी ४ बाय ६ चा तुकडा उरतो. छप्पर त्याच्यावरही ओढून घ्या आणि तिथे राख-मातीत लोळायची जागा करा. चार फूट बाय दोन फूट, विटांची कड, आत चुलीची राख, बारीक माती, मूठभर कडुनिंबाचा पाला. कोरड्या मातीत लोळल्याशिवाय कोंबडीच्या उवा-पिसवा आटोक्यात राहत नाहीत, आणि ही माती पावसात भिजली तर तिचा उपयोग शून्य. उरलेले ७२ चौरस फूट सगळे मिळून फिरायला.

जाळी कोणती, यावर पैसा वाचवू नका. दुकानात ‘कोंबडी जाळी’ म्हणून जी षटकोनी पातळ जाळी देतात, ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. खालचे तीन फूट अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारा वेल्डिंगनं जोडलेली चौकोनी जाळी), वर एक इंचाची चालेल. कडेनं जाळी फूट-दीड फूट बाहेरच्या बाजूला आडवी वाकवून मातीखाली गाडा. कुत्रा आणि घूस कुंपणाच्या अगदी बुडाशी उकरायला लागतात, आणि तिथे त्यांना जाळीच लागते. मुंगूस दिवसा येतं, रानमांजर आणि उदमांजर रात्री. वरूनही जाळी हवी. ब्रह्मा एवढी मोठी, तिला कोण खाणार, असं लोक म्हणतात. पण गावरान कोंबडी संकटात फांदीवर तरी जाते, ही जागची हलत नाही. तुमच्या भागात उसात बिबट्याचा वावर असतो, तेव्हा रात्रीची जागा ही विटा, कोबा आणि वेल्डमेशची शेडच, बाहेरचा भाग नव्हे. कडी दुहेरी.

अंडी घालायच्या खोक्यांची घाई नाही. ब्रह्मा तलंगा उशिरा अंड्यावर येतात, सात महिन्यांनंतर, कधी त्याहून उशिरा. तेव्हा सहा कोंबड्यांना दोन खोकी पुरतील, १६ इंच लांब, तेवढीच रुंद, तेवढीच उंच. एक फुटी खोक्यात ही कोंबडी बसते, पण वळता येत नाही म्हणून पाय अंड्यावर देते. खोकं जमिनीवर किंवा एखादी वीट वर, पुढे पाच इंचांची कड, आत भाताचा पेंढा. या कोंबड्या खुडूक फार बसतात, म्हणजे अंडी उबवायला खोक्यात ठाण मांडतात. जड कोंबडीखाली पातळ गादीवर अंडी फुटतात, आणि दोघी एका खोक्यात घुसल्या तर फुटतातच. अंड्यांवर बसवायचीच असेल तर तिला वेगळ्या पाटीत, पेंढ्याचा खोल खळगा करून बसवा. उबवायला एखादी गावरान कोंबडी मिळाली तर त्याहून बरं.

असीलची जोडी या जागेत घेऊ नका. असीलही जड, कोंबडा चार-पाच किलोचा, पण त्याची जात वेगळी. पिसं आखूड आणि घट्ट, अंगात स्नायू. उन्हाळा तो ब्रह्मापेक्षा चांगला काढतो, पाऊस आणि गारठा कमी. अडचण स्वभावाची आहे. ब्रह्मा कोंबडा शांत असतो, आणि असील त्याला एका सकाळी संपवेल. दोघांच्या मधे नुसती जाळी घातली तरी ते जाळीतून झुंजत राहतात आणि डोकी फोडून घेतात, तेव्हा दोघांमधे निदान अडीच फूट उंच भरीव भिंत हवी, एकमेकांना दिसता कामा नये अशी. शिवाय असीलला चालायला जागा लागते, नाहीतर तो बिघडतो. पायाला दोरी बांधून खुंटीला ठेवायची जी पद्धत आहे ती झुंजीवाल्यांची आहे. पाय सोलवटतात, आणि झुंजी लावणं १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्यानं गुन्हा आहे. पाहुण्यांना सांगा, दुसरीकडे स्वतंत्र जागा झाली की बघू.

पिंजरा तुम्ही आधीच घेतला असेल तर फेकू नका. तळाला प्लायचा तुकडा आणि वर भुसा टाकून तो आजारी पक्ष्यासाठी किंवा बाहेरून आणलेल्या नव्या पक्ष्यासाठी ठेवा. नवा पक्षी आणला की निदान दोन-तीन आठवडे वेगळा, शेडपासून लांब, आणि त्याचं खाणंपाणी सगळ्यात शेवटी करायचं.

बांधकाम मेच्या मध्यापर्यंत उरका. कोब्याला पाणी मारून तो वाळायला वेळ लागतो, आणि ओल्या कोब्यावर घातलेली गादी पहिल्याच आठवड्यात कुबट होते. तोवर पिल्लं आहेत तिथेच राहू द्या, फक्त दांडा आत्ताच १२ इंचांवर आणा. उंच चढायची सवय एकदा लागली की नंतर ती खिडकीच्या चौकटीवर, खाद्याच्या पिंपावर, मिळेल तिथे चढत राहतात.